परत केलेले बोंबील

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो, पण आधी एक करा. हसायचं असेल ते आत्ताच हसून घ्या, मध्ये हसलात तर मी थांबणार. बाप म्हणून मी आजवर एकदाच कडक झालो. आणि त्या एका सकाळी मी किनाऱ्यावर स्वतःची जी काय शोभा करून घेतली, ती तिथे अजून दोरीवर वाळत असेल.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर आहे. म्हणजे काय, तर दिवसभर लोकांवर ओरडायचं. हेल्मेट कुठाय, गॉगल कुठाय, बूट कुठायत. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करून भाषण द्यायचं. आमच्याकडे रामसूरत नावाचा ऑपरेटर आहे. तो गॉगल डोळे सोडून सगळीकडे लावतो. कपाळावर, मानेवर, खिशाला. मी त्याला रोज झापतो. तो रोज म्हणतो, "साब, लेकिन गर्मी..." मी म्हणतो, "लेकिन नहीं." विषय संपला. कंपनीत माझा दरारा आहे, खोटं नाही सांगत.

घरी मात्र मी म्हणजे लोण्याचा गोळा. आम्ही पाम गावाच्या पलीकडे, समुद्राला लागून असलेल्या एका गावात भाड्यानं राहतो. बायको वैशाली पालघरजवळ कोळगावला जिल्हा कचेरीत नोकरी करते. मुलगी जुई, चौथीत आहे. तिला ओरडायचं काम पहिल्यापासून वैशालीचं, आणि ती रडली की मांडीवर घ्यायचं काम माझं. अशी ही वाटणी कुणी केली म्हणाल, तर मीच केली आणि कुणाला सांगितलं नाही.

वैशाली तिला धमकी द्यायची, "थांब, येऊ दे पप्पांना." त्यावर जुई म्हणायची, "येऊ दे ना, मी पण त्यांचीच वाट बघतेय."

आता याला धमकी म्हणायचं का?

एक दिवस तिनं अभ्यास न करता सगळी संध्याकाळ किनाऱ्यावर घालवली. वैशालीनं तिला कोपऱ्यात बसवलं, टीव्ही बंद केला, पुढ्यात वही ठेवली. मी कामावरून आलो तो बोईसर स्टेशनजवळून गरम फाफडा-जिलबी घेऊन. मला काय माहीत घरात काय चाललंय ते. म्हणजे, दारातच कळलं होतं. पण जिलबी गार होते हो. मी हळूच एक जिलबी कोपऱ्यात सरकवली.

वैशालीनं बघितलं. ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"अहो," ती म्हणाली, "मी या घरात खलनायिका आणि तुम्ही फरसाणवाले काका, हे आता बंद. उद्यापासून हिच्या शिस्तीचं खातं तुमच्याकडे. मी एक शब्द बोलणार नाही."

"मला जमणार नाही असं वाटतं तुला?"

"मला काहीच वाटत नाही. मी जिलबी खातेय."

हे मला लागलं, बरं का. शंभर माणसांना हेल्मेट घालायला लावणारा मी, मला एक चौथीतली पोरगी जमणार नाही? मी त्याच दिवशी जुईला स्टुलावर बसवलं आणि कंपनीतलं भाषण जरा घरगुती करून दिलं. चूक झाली की काय करायचं? लपवायची नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर जायचं. ताठ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'पण' म्हणायचं नाही. सगळ्या सबबी 'पण'पासून सुरू होतात.

"पण पप्पा, कधीकधी खरंच..."

"पण नाही."

जुईनं मान डोलावली. मला वाटलं, झालं, एवढं सोपं असतं तर बायका उगाच इतका आरडाओरडा का करतात. हे वाक्य मी वैशालीला बोलून दाखवलं नाही, तेवढी अक्कल मला आहे.

मग आला रविवार. जानेवारी महिना. वैशाली सकाळीच पालघरला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेली. जुई नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर, तिच्या वर्गातली प्राची आहे ना, तिच्याकडे. प्राचीची आजी हिराबाय. त्यांची स्वतःची होडी आहे, आणि थंडीत किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालतात, ते तुम्ही पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर वास तरी आला असेल.

मी पेपर वाचत बसलो होतो. दुपार व्हायच्या आधी जुई आली. गुडघ्यापर्यंत वाळू, फ्रॉक ओला, केसांना खवले, आणि हातात पिशवी. पिशवीतून पाणी ठिबकतंय. आत ताजे बोंबील.

"कुठून आणलेस?"

"हिराआजीच्या पाटीतून."

"त्यांनी दिले?"

"नाही, मीच घेतले."

मी पेपर खाली ठेवला. "विचारलंस का त्यांना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललोय. "विचारायचं काय त्यात? माझे आहेत ते."

आता तुम्हीच सांगा. आमच्या सांगलीकडे मासे म्हणजे बाजारातून वजन करून आणायची वस्तू. चौथीतल्या मुलीचे स्वतःचे बोंबील असतात, हे मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या पाटीत हात घातला, विचारलं नाही, वर माझे आहेत म्हणते. माझ्या छातीत धस्स झालं. आणि खरं सांगू? त्या धस्सच्या मागोमाग थोडा आनंदही झाला. म्हटलं, आली संधी. वैशाली घरी यायच्या आत हे प्रकरण मी असं निस्तरीन की तिनं हळदीकुंकवाचं वाण माझ्याच हातात द्यावं.

"चल. परत द्यायचे."

जुईचा चेहरा पडला. "परत? पप्पा, परत नाही देत. पण..."

"पण नाही."

"अहो पप्पा, ऐका ना, पण..."

"जुई. आपलं काय ठरलंय?"

ती गप्प झाली. ओठ असे घट्ट मिटले की त्यात सुई गेली नसती. मला वाटलं, पश्चात्ताप झाला पोरीला. आम्ही निघालो. मी पुढे, पिशवी माझ्या हातात, पाणी माझ्या पँटवर. वाटेत मी तिला धीर देत होतो. खरं बोलायला घाबरायचं नसतं, मोठी माणसं माफ करतात, असलं काय काय. ती एक अक्षर बोलली नाही. मीच बोलायला बंदी केली होती, ती काय बोलणार?

किनाऱ्यावर हीऽऽ गर्दी. होड्या लागलेल्या, पाट्या उतरवलेल्या, पाचसहा बायका ओळीनं बोंबील अडकवत होत्या. मध्ये हिराबाय. साठीच्या असतील, पण आवाज असा की होडीवरच्या माणसाला मोबाइल लागत नाही. मी आपली खाकरून जागा केली. बायकांनी बघितलं. जुईला पुढे केलं.

"जुई, ताठ उभी राहा. बघ आजींकडे. हं, बोल."

जुई ताठ उभी राहिली. आजींच्या डोळ्यांत बघितलं. आणि म्हणाली, "आजी, पप्पांनी हे परत द्यायला सांगितलेत."

हिराबायचे चालते हात थांबले. शेजारच्या बाईचेही थांबले.

"परत?" हिराबाय म्हणाली. "काय झाला भाऊ? कमी पडला का?"

"नाही नाही, कमी कसले? आम्हाला नकोतच."

हे वाक्य मी नम्रपणे बोललो होतो. पण त्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ काय होतो, हे मला कुठे माहीत? हिराबायनं पिशवी उघडून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "खरा हाय. सकाळधरनं पोरगी उभी हाय, आनि नेला किती, तर मूठभर. मी तिला बोलले, घे गो अजून. लाजते ती, आज कुठं पयल्यांदा हात घातला पाटीत." आणि पाटीतले ओंजळभर बोंबील माझ्या पिशवीत.

"अहो आजी, तसं नाही. उलट करताय तुम्ही. मी परत करायला..."

"अजून?" आणखी एक ओंजळ.

शेजारची बाई म्हणाली, "माझ्या दोरीवर पन लावले तिनं. माझे पन घ्या." तिचीही ओंजळ आली. तिसरी तर पाटीच घेऊन उठली. मी पिशवी मागे ओढतोय, त्या पुढे येतायत. मी म्हणतोय नको, त्या म्हणतायत असू द्या. या झटापटीत त्या काय सांगतायत ते माझ्या कानात शिरलंच नाही. मला आपलं वाटलं, काय ही माणसं, यांचं चोरलं तरी वर आणखी देतात. माझा ऊर भरून आला हो. अशा भल्या माणसांना माझी मुलगी फसवते? मग तर शिस्त लावायलाच पाहिजे.

तेवढ्यात मागून आवाज आला, "साब, नमस्ते."

रामसूरत. रविवारची मच्छी घ्यायला आलेला. गॉगल कपाळावर. कपाळावरच, पण आज फॅशनचा.

आता आपल्या हाताखालच्या माणसासमोर पिशवीशी झटापट करणं बरं दिसतं का? मी कंपनीतला आवाज काढला. पिशवी धाडकन पाटीत रिकामी केली आणि म्हणालो, "हे बघा आजी, आमच्या घरात फुकटचं घेत नाहीत. तिला सवय लागायला नको."

सगळा किनारा माझ्याकडे बघायला लागला.  रामसूरतनंसुद्धा गॉगल खाली घेतला. त्याला गॉगल खाली घेताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"फुकट?" हिराबाय म्हणाली. या वेळी आवाज मोठा नव्हता.

तिनं जुईचा हात धरला आणि माझ्यासमोर उघडला. बोटांच्या टोकांना बारीक बारीक लाल ओरखडे. बोंबलाचे दात. मासा मऊ असतो, पण दात बघा एकदा.

"ह्याला फुकट म्हनतात तुमच्याकडं? दिवाळीच्या सुट्टीपासून येते ती. दर रविवारी. माझ्या प्राचीच्या बरोबरीनं दोरी भरते. जो हात लावतो, त्यानं जाताना पाटीतून आपला वाटा घ्यायचा. आमी मोजत नाय, आनि तो विचारत नाय. घरातला मानूस विचारून घेतो का?"

मी जुईकडे बघितलं. जुई वाळूकडे बघत होती.

"आनि भाऊ, वाटा परत कोन करतो ठाव हाय? भांडन झाला, बोलनाचालना बंद झाला, तो परत करतो. तुमाला तसा पायजे तर सांगा. मी ठेवते. मग उद्यापासून पोरीला पाठवू नका."

आता मात्र जुईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. प्राची येऊन तिला चिकटून उभी राहिली. आणि मला सगळं कळलं. ती घरी काय सांगत होती, तिचा प्रत्येक 'पण' काय होता. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या भाडेकरूंच्या मुलीला या गावानं न बोलता घरचं करून टाकलं होतं, आणि तिचा बाप ते पिशवीत भरून परत करायला आला होता. मला फार वाईट वाटलं. इतकं की पँटवरून ओघळणारं पाणी बुटात गेलेलंही कळलं नाही.

मी घाईघाईनं म्हणालो, "आजी, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं, पण..."

"पप्पा." जुईनं नाक ओढलं. "पण नाही."

पहिली हसली ती प्राची. मग शेजारची बाई. मी म्हणालो, "जुई, आत्ता नको," तर ती डोळे पुसून म्हणाली, "ताठ उभे राहा."

काय करता? उभा राहिलो. पोट आत घेतलं.

"माझ्याकडे नाही, आजींच्या डोळ्यांत बघा. आणि काय केलं ते सांगा. तुमच्या तोंडानं."

"आजी," मी म्हणालो, "मी माझ्या मुलीचं ऐकून न घेता तिला चोर ठरवलं. तुम्ही कष्टाचा वाटा दिला, त्याला फुकट म्हणालो. चुकलं माझं. तिला पाठवणं बंद करू नका."

मागून रामसूरत म्हणाला, "साब, जरा जोर से. पीछे सुनाई नहीं दिया."

हे वाक्य माझं आहे, बरं का. रोज सकाळी रांगेतल्या शेवटच्या माणसाला मी हेच म्हणतो. त्यानं ते इतकं जपून ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

हिराबायचा चेहरा अजून सरळ होता. ती म्हणाली, "माफी अशी नुसती कोरडी असते का? बूट काढा. हात लावा."

आणि मला दोरीसमोर उभं केलं. माझी शिक्षिका जुई. बोंबील दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. ऐकायला सोपं आहे. तुम्ही ओल्या साबणाच्या दोन वड्या एकमेकींत अडकवून बघा, आणि त्यांतली एक चावते असं धरून चाला. मी पहिली जोडी अडकवली, ती निसटून माझ्या बाहीत गेली. दुसऱ्यानं बोट पकडलं. मी सवयीनं विचारलं, "हातमोजे नाहीत का इथे?"

त्या बायका जे हसल्या, ते मला वाटतं तारापूरपर्यंत गेलं असेल. एकजण तर पाटीवर बसली. हिराबायही शेवटी हसली, आणि माझ्या जिवात जीव आला.

उन्हं कलेपर्यंत मी कामाला होतो. जुई माझ्या मागे फिरून पडलेल्या जोड्या उचलून पुन्हा लावत होती. ओरडली नाही. एकदाही नाही. "असं नाही पप्पा, असं," एवढंच. मला वाटलं, ही आपल्यापेक्षा बरी शिस्त लावते की.

निघताना जुईनं पाटीत हात घालून आपला वाटा घेतला. मीही दिवसभर राबलेला कष्टकरी, मोठ्या ऐटीत हात पुढे केला. तर हिराबाय म्हणाली, "भाऊ, ती घेईल तशी. तुमी मात्र विचारून घ्या."

घरी वैशाली आलेली होती. तिनं आधी वास घेतला, मग माझ्या पँटीकडे बघितलं, मग अनवाणी पायांकडे. बूट किनाऱ्यावरच राहिले होते.

"लावली का शिस्त?"

"लागली."

"कुणाला?"

जुईनं सगळं सांगितलं. मी मध्ये दोनदा 'पण' म्हणायचा प्रयत्न केला, दोघींनी मिळून तो हाणून पाडला. वैशाली इतकी हसली की तिच्या हातातलं वाण खाली पडलं, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही निदान तिच्याबरोबर गेलात तरी. मी तीन महिने नुसतं ओरडत होते, कुठे जातेस, काय करतेस. बघायला एकदाही गेले नाही."

शिस्तीचं खातं अजून माझ्याकडेच आहे, कुणी काढून घेतलेलं नाही. नियमही तेच आहेत, फक्त एक बदलला. आता आधी 'पण'च ऐकतो. किनाऱ्यावर जायच्या आधी अभ्यास पुरा करायचा, हा नियम जुईनं कुरकुरत का होईना पाळलाय, कारण तिचा 'पण' ऐकून तो आम्ही दोघांनी मिळून ठरवला. कंपनीतही रामसूरतला विचारलं, "लेकिन क्या? बोल." तो एवढा गडबडला की त्यानं गॉगल डोळ्यांवर लावला.

आणि दर रविवारी मी जुईबरोबर दोरी भरायला जातो. आता माझ्या दहातल्या सहा जोड्या दोरीवर राहतात. उरलेल्यांसाठी तिथल्या मांजरांनी मला बघून शेपटी वर करायला सुरुवात केली आहे.

परवाच्या रविवारी मला वाटलं, इतके आठवडे झाले, आता आपण घरातलेच. काम संपलं, मी कुणाला न विचारता सरळ पाटीत हात घातला. तर एक चिमुकला हात माझ्या मनगटावर.

"पप्पा, विचारलंत का?"

बायका थांबून बघायला लागल्या.  ताठ उभा राहिलो. हिराबायच्या डोळ्यांत बघितलं. म्हणालो, "आजी, घेऊ का?"

हिराबाय दोरीवरून नजर न काढता म्हणाली, "मला काय विचारता? तुमाला शिकवला कोनी, तिला विचारा."

मग मी, सेफ्टी सुपरवायझर, माझ्या चौथीतल्या मुलीसमोर ताठ उभा राहिलो आणि तिला विचारलं. तिनं माझी दोरी बघितली. खाली पडलेले बघितले. मांजरं बघितली.

"दोन घ्या," जुई म्हणाली. "सवय लागायला नको."